दगडाच्या निऱ्या



लुगड्याला निऱ्या कशासाठी घालतात? चालताना पायाला मोकळीक मिळावी म्हणून, हे घरोघरच्या बायाबापड्या सांगतील. पण निरी पडली की कापडाला उभी रेघ येते आणि नेसणारी आहे त्याहून उंच दिसते. ही उभी रेघ ग्रीकांनी दगडात उतरवली.

व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात स्थापत्यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, पुरुषाचे पाऊल उंचीच्या सहाव्या हिश्श्याइतके, म्हणून डोरिक खांब जाडीच्या सहापट उंच केला. आयोनिक खांब बाईच्या अंगलटीचा, म्हणून आठपट. त्याच्या तळाशी जोड्याच्या जागी बैठक, माथ्यावर कुरळ्या बटांची वेटोळी, आणि अंगभर खाचा म्हणजे तिच्या झग्याच्या चुण्या. आता, हा गृहस्थ पहिल्या मंदिरांनंतर कित्येक शतकांनी लिहीत होता. खांब आधी झाले, गोष्ट मागाहून जुळली, असे मला वाटते. खाचा तर डोरिक खांबालाही असतातच की!

पण अथेन्सच्या टेकडीवर, एरेक्थिऑन मंदिरात, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहावयास मिळते. इ. स. पूर्व ४२१ ते ४०६ च्या सुमाराचे हे काम. दक्षिणेच्या ओसरीला खांबांऐवजी सहा तरुणींच्या मूर्ती आहेत आणि छत त्यांच्या डोक्यावर आहे. अंगात पेप्लॉस, म्हणजे खांद्यांवर टाचून कमरेला बांधलेले लोकरी वस्त्र. आपल्या लुगड्यासारखेच बिनशिवणीचे. ज्या पायावर भार, त्यावरच्या चुण्या सरळ, अगदी खांबाच्या खाचांसारख्या. दुसरा गुडघा किंचित वाकलेला. मान हा मूर्तीचा नाजूक भाग, ती मोडायची. म्हणून पाठीवर जाड वेण्या सोडल्या. केशरचना दिसते, पण तो टेकू आहे.

या बायका कोण? व्हिट्रुव्हियस सांगतो, कॅरीए गाव इराण्यांना मिळाले, म्हणून ग्रीकांनी तेथल्या पुरुषांना मारले, बायकांना दासी केले आणि अंगावरचे कुलीन कपडे-दागिनेही उतरवू दिले नाहीत. ती लाज दगडात कोरली म्हणे. परंतु या मंदिराच्या बांधकामाचे दगडावर कोरलेले हिशेब सापडले आहेत. त्यांत नुसते 'कोराय', म्हणजे मुली, एवढेच आहे. माझा कौल हिशेबाला. अपमान सोसणारी बाई इतकी सहज उभी राहत नाही.

त्यांतली एक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनने नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शहराच्या दूषित हवेने दगड झिजू लागला, तेव्हा १९७९ साली बाकीच्या खाली उतरवल्या. मंदिरात आता नकला उभ्या आहेत.

मुंबईस गेलात तर १८३३ साली पुरा झालेला फोर्टातला टाउन हॉल पाहा. दर्शनी खांब डोरिक, म्हणजे पुरुषाचे. शिक्षकबंधूंनी मुलांकडून दोरीने घेर मोजून जाडी काढवावी, सावलीवरून उंची काढवावी, आणि सहापट भरते का ते पाहावे.