वर्गणी भरली, आता बैठकीलाही जाऊया

आज आपण बोलणार आहोत बाजारातल्या व्यापारी संघटनेविषयी.

व्यापारी संघटना म्हटलं की डोळ्यांपुढे मोठे दुकानदार येतात. आपल्याला वाटतं, तिथं आपलं काय काम? आपण तर बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बसणाऱ्या. पण भाजी असो, शेवया असोत, नाहीतर मसाला, आपण माल विकतो, भाव ठरवतो, नफा-तोटा सोसतो. म्हणजे आपणही व्यापारीच आहोत.

बचत गटानं आपल्याला बचतीची सवय लावली, कर्ज मिळवून दिलं, हिशोब शिकवला. पण माल तयार झाला की तो तालुक्याच्या बाजारात न्यावा लागतो, आणि तिथले निर्णय गटाच्या बैठकीत होत नाहीत. कोणती रांग कुठं बसणार, बैठक पावती किती रुपयांची, बायकांसाठी संडासाची सोय कुठं, सण आला तर बाजार कोणत्या दिवशी भरणार, हे सगळं ठरतं ते नगरपंचायत आणि व्यापारी यांच्या बोलण्यातून. त्या बोलण्यात आपलं कुणी नसेल, तर आपल्यावाचून ठरतं.

आमच्या गटांचा अनुभव सांगतो. आमच्या बायका एका नगरपंचायतीच्या आठवडी बाजारात बसतात. त्यातल्या तेवीस जणी संघटनेच्या सदस्य झाल्या. वर्गणी सगळ्यांनी भरली. पण बैठक असायची रात्री आठला. तेव्हा शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग आम्ही लेखी अर्ज दिला, बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला घ्या. पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. तिसऱ्या अर्जानंतर मान्य झालं. तेव्हापासून नऊ जणी नियमानं जाऊ लागल्या.

पुढं पावसाळ्याच्या तोंडावर ठरायला लागलं की भाजीच्या आणि खाऊच्या रांगा गावाबाहेरच्या मैदानात हलवायच्या. कारण काय, तर रस्त्यावर गाड्या अडतात. कारण खोटं नव्हतं. पण त्या मैदानात पाऊस पडला की चिखल होतो, आणि एसटीनं येणारं गिऱ्हाईक तिथपर्यंत चालत जात नाही. ही बातमी आम्हाला कुणी घरी येऊन सांगितली नाही. ती आणली बैठकीला जाणाऱ्या नऊ जणींनी. वर्गणीची पावती तेवीस जणींकडं होती, पण बातमी नऊ जणींना कळली. सदस्य असणं आणि भाग घेणं यात हाच फरक आहे.

मग काय केलं? पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्र सरकारनं कायदा केला आहे. रस्त्याकडेला, मोकळ्या जागेत माल मांडून विकणाऱ्यांसाठी तो आहे, आणि नगरपंचायतीलाही लागू होतो. विक्रेत्याला जागेवरून हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, असं त्यात आहे. ते कलम दाखवून संघटनेनं पत्र दिलं. नुसतं पत्र देऊन थांबलो नाही. आमच्या दोघींनी पावलांनी रस्ता मोजला आणि कागदावर नकाशा काढला. सगळ्या रांगा एका बाजूला बसवल्या आणि माल उतरवून झाल्यावर टेम्पो आत उभे राहू दिले नाहीत, तर गाड्यांना वाट राहते, हे दाखवलं.

सगळं मनासारखं झालं, असं नाही. खाऊची रांग जागेवर राहिली. भाजीची एक रांग हलली, पण मैदानात नाही, बाजारालगतच्या भिंतीकडं. दोन बायकांची झाडाखालची सावलीची जागा गेली. त्यांच्यासाठी छपराची मागणी लावून धरली आहे. पण पावसाळाभर कुणाचा धंदा बंद पडला नाही, आणि ते महत्त्वाचं होतं.

याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्या सदस्यांत किमान ४० टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेते असावे लागतात, आणि त्यांत किमान एक तृतीयांश बायका. बाजार संघटना, व्यापारी संघटना यांनाही समितीत जागा आहे. पण उभं राहायला आणि मत द्यायला आपली कुणी तयार नसेल, तर ती जागा आपल्या उपयोगाची राहत नाही.

काही ठिकाणी संघटना बायकांना विचारतच नाहीत. तिथं आपली वेगळी संघटना उभी करता येते. अहमदाबादला इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली कष्टकरी बायकांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत काढली, तुम्हाला मालकच नाही, लढणार कुणाशी? त्यांचं म्हणणं होतं, संघटना कुणाच्या विरोधातच असावी लागते असं नाही, ती एकीसाठीही असते. आणि नोंदणी झाली. आपल्या पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या ओळखपत्राला महापालिकेनं मान्यता दिली. पुढं २००८ साली याच कामातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करू लागली.

आता तुम्ही म्हणाल, बैठकीला गेलं तर चार गिऱ्हाइकं जातात. खरं आहे. म्हणून पाळी लावा. दोघी बैठकीला जातील, शेजारणी त्यांची पाटी सांभाळतील. आल्यावर त्या दोघींनी काय ठरलं ते सगळ्यांना सांगायचं, आणि गटाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या.

मैत्रिणींनो, येत्या बाजाराला एवढं विचारून या. आपल्या बाजारात संघटना आहे का? सदस्यत्व आपल्या स्वतःच्या नावावर आहे, की नवऱ्याच्या? मत देता येतं का? वर्गणीचा हिशोब कधी वाचून दाखवतात? बैठक कोणत्या वेळी असते? बैठक पावतीचा दर कुठं लावलेला आहे? जी उत्तरं मिळतील, ती गटाच्या पुढच्या बैठकीत मांडा. बैठकीची वेळ सोयीची नसेल, तर पहिला अर्ज तोच करा. सह्या सगळ्यांच्या घ्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.