रिकामी न परतणारी वाटी

सकाळचा चहा होतो, मुलें शाळेच्या तयारीला लागतात, आणि शहरांतील बहुतेक घरांत एक प्रश्न न चुकतां उभा राहतो : “आज काय करायचें?” प्रश्न लहान आहे, पण वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस, दिवसांतून दोनदां, तो बहुधा एकाच व्यक्तीला सोडवावा लागतो. भाजी चिरणें, कणीक भिजवणें, आमटीला फोडणी देणें हीं कामें डोळ्यांना दिसतात, आणि त्यांबद्दल कौतुकाचे दोन शब्दही कधीं कधीं ऐकूं येतात. परंतु बाजारांत काय मिळेल, डब्यांत काय शिल्लक आहे, कोणाला काय सोसत नाहीं, काल काय झालें आणि उद्यां काय होणार, या सर्वांचा मेळ मनांत घालण्याचें काम कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. सणाच्या स्वयंपाकाला मदतीचे हात मिळतात. रोजच्या स्वयंपाकाचा विचार मात्र गृहिणीला एकटीलाच करावा लागतो.

या एकटेपणावर आपल्याकडील जुन्या वाड्यांनीं आणि चाळींनीं एक साधा उपाय काढला होता. घरांत कांहीं निराळें शिजलें, कीं त्याची एक वाटी झांकून शेजारीं जाई. ती वाटी रिकामी परत करूं नये, असा संकेत असे. देण्यासारखें कांहीं नसलें, तर चिमूटभर साखर घालून ती परत जाई. हा केवळ शिष्टाचार नव्हे. वाटींतला पदार्थ आवडला, कीं दुसऱ्या दिवशीं नळावर त्याची कृती विचारली जाई, आणि विचारणारीही आपल्याकडची एखादी कृती सांगे. त्यामुळें एका घरच्या चार भाज्यांच्या दोन घरांत आठ होत.

ही देवघेव किती उपयोगाची आहे, हें मुंबईला १९४३ सालीं चांगलें कळलें. युद्ध चाललें होतें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. ज्यांची सकाळ पेजेनें आणि दुपार भातानें होत असे, अशा कोंकणी घरांतही आतां ज्वारी-बाजरी येऊं लागली. धान्य आलें, पण तें शिजवायचें कसें, हें दुकानदार सांगत नव्हता.

अशा वेळीं एखाद्या चाळींत काय घडत असेल, तें डोळ्यांपुढें आणावें. एका खोलींत रत्नागिरीकडची सुगरण बाई, आणि भिंतीपलीकडे सोलापूरकडची. रत्नागिरीच्या बाईनें ज्वारीचें पीठ थंड पाण्यांत भिजवलें, गव्हाच्या कणकेसारखें मळलें आणि पोळीसारखें लाटूं लागली. पोळी चिरली, तव्यावर टाकतांना तुटली. तीन वेळां असें झालें, तेव्हां रेशनचें पीठ फुकट जातें या दुःखानें तिचे डोळे भरून आले. पलीकडची बाई दारांत येऊन म्हणाली, “वहिनी, पाणी कढत घ्या. आणि लाटूं नका, थापा.”

या दोन वाक्यांत सारें शास्त्र होतें. गव्हाच्या पिठांत ग्लूटेन असतें. पाणी घालून मळलें, कीं तें ताणलें जातें आणि पोळी धरून ठेवतें. ज्वारींत तें नाहीं. तेव्हां पीठ एकत्र राहण्यासाठीं त्यांतील पिष्टालाच थोडें शिजवून चिकट करावें लागतें, आणि तें काम कढत पाणी करतें. पीठ ताजें हवें, कारण जुन्या पिठाची विरी जाते. परातींत भाकरी थापून ती तव्यावर टाकावी, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकत आलें कीं उलटावी आणि शेवटीं निखाऱ्यावर फुगवावी. आठ दिवसांत रत्नागिरीच्या घरांत भाकरी फुगूं लागली.

वाटी रिकामी परत जाणार नव्हती. कोंकणांतून येणाऱ्या कोणाबरोबर कडवे वाल आले, तेव्हां तिनें शेजारणीला डाळिंब्यांची उसळ शिकवली. वाल रात्रभर भिजवावे, उपसून फडक्यांत घट्ट बांधावे, मोड आले कीं कोमट पाण्यांत टाकून सोलावे. मग मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी द्यावी, डाळिंब्या हलक्या हातानें परताव्या आणि झांकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवाव्या. “आमसूल, गूळ आणि ओलें खोबरें अगदीं शेवटीं,” असें ती बजावून सांगे.

पुढें युद्ध संपलें, रेशनिंगचे दिवस गेले, मुलें मोठीं झालीं. रत्नागिरीच्या बाईची मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली. आईच्या हातचें जेवण तिनें पुष्कळ जेविलें होतें. पण शिकून घेतलें नव्हतें. आई आहे तोंवर मुलीला घाई नसते. एके वर्षीं आई गेली. श्रावणांत मुलीनें वाल आणले, भिजवले, सोलले. उसळ केली, ती दडसच राहिली. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ शिजवली. डाळिंब्या मोडल्या, पण आंतून मऊ झाल्या नाहींत. नवरा म्हणाला, “चांगली झाली आहे.” ती कांहीं बोलली नाहीं. चव नव्हती, एवढेंच तिचें दुःख नव्हतें. आई आणखी एकदां गेली, असें तिला वाटलें.

माहेरच्या चाळींत जाण्याचा योग आला, तेव्हां सोलापूरच्या काकूंनीं तिला पाटावर बसवून वाढलें. पानांत डाळिंब्या होत्या. पहिल्या घांसालाच मुलीनें वर पाहिलें.

काकू म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईचीच ही. तूं आमसूल केव्हां घालतेस?”

“फोडणींतच.”

“तेंच चुकतें. तुझी आई डाळिंबी बोटानें दाबून पाही. ती दबली म्हणजे मग आमसूल. आणि हें बघ, यांत मीं दाण्याचें कूट घातलें आहे, तें आमच्याकडचें. तुझी आई ओलें खोबरें घाली. तूं खोबरेंच घाल.”

काकूंनीं सांगितलेल्या खुणेमागें स्पष्ट कारण आहे. कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननें जोडलेल्या असतात. शिजतांना तें विरघळतें, म्हणून दाणा मऊ होतो. आंबट पदार्थ आधीं पडला, तर पेक्टिन लवकर विरघळत नाहीं आणि दाणा दडस राहतो. तुरीचें वरण शिजल्यावरच चिंच घालायची, ही जुन्या बायकांची रीत याच कारणानें पडली. मुलीच्या आईला पेक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण बोटानें दाबून पाहण्याची खूण ठाऊक होती, आणि ती तिनें शेजारणीला देऊन ठेवली होती. स्वतःच्या घरांत जी खूण हरवली, ती शेजारच्या घरांत सुरक्षित राहिली.

पाककृतींचीं पुस्तकें आपल्याकडे थोडीं नाहींत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं छापलें गेलें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं आली, आणि वाटी-चमच्याच्या मापामुळें ती घरोघरच्या फळीवर जाऊन बसली; कारण तराजू प्रत्येक स्वयंपाकघरांत नसतो, वाटी असते. आज तर हातांतल्या दूरध्वनीवर शेंकडों कृती क्षणांत दिसतात. या सर्वांचा उपयोग आहेच. परंतु पुस्तक आपल्या कढईंत डोकावून पाहत नाहीं. डाळिंब्या दडस कां राहिल्या, हें विचारायला आणि “आमसूल केव्हां घातलेंस?” असा उलट प्रश्न ऐकायला माणूसच लागतें.

म्हणून मैत्रिणीला कृती सांगतांना ती पुरी सांगावी. पहिली गोष्ट मापाची. वाट्या घरोघर लहानमोठ्या असतात; पण सर्व जिन्नस एकाच वाटीनें मोजले, तर प्रमाण बिघडत नाहीं. दुसरी गोष्ट जिनसाची. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटलें, तरी तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागतें आणि जुना असेल तर अधिक. तिसरी गोष्ट खुणेची. “पांच मिनिटें” म्हणण्यापेक्षां मोहरी तडतडून थांबली, कांदा गुलाबी झाला, डाळिंबी बोटानें दबली, असें सांगावें. कारण चूल, शेगडी आणि गॅस यांची आंच सारखी नसते. चौथी गोष्ट कारणाची. पिठल्याचें बेसन आधीं थंड पाण्यांत कालवावें, कारण कोरडें पीठ उकळत्या पाण्यांत पडलें, कीं बाहेरचा थर लगेच शिजून चिकटतो, आंतलें पीठ कोरडेंच राहतें आणि गुठळ्या होतात. कारण कळलें, कीं तेंच ज्ञान दहा पदार्थांना उपयोगीं पडतें. पांचवी गोष्ट प्रामाणिकपणाची. मूळ कृतींत आपण काय बदललें, तें काकूंप्रमाणें सांगून टाकावें. बदल करण्यांत दोष नाहीं. तो लपवला, तर मात्र मूळ वस्तू हरवते.

आणखी एक सूचना करण्यासारखी आहे. मैत्रिणी एकत्र जमल्या, म्हणजे बोलणें बहुधा श्रीखंड, पुरणपोळी, अनारसे यांवर येतें. तें गोड असतें. पण मंगळवारच्या सकाळीं त्याचा उपयोग होत नाहीं. त्याऐवजीं प्रत्येकीनें रोजची एकच कृती सांगावी. वऱ्हाडांतल्या मैत्रिणीनें गोळाभात सांगावा : तिखट, मीठ आणि तेलाचें मोहन घालून भिजवलेल्या बेसनाचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातांत ठेवून वाफवायचे, आणि वर फोडणीचें तेल वाढायचें. गोव्याकडच्या मैत्रिणीनें मोड आलेल्या मुगांची, नारळाच्या रसांतली मुगागाठी सांगावी. पांच मैत्रिणींच्या पांच कृती वहींत उतरल्या, तर “आज काय करायचें?” या प्रश्नाला पांच दिवस सोबत मिळते. ही वही घरांतल्या पुरुषांच्या आणि मुलांच्याही हातीं पडावी. खुणा आणि कारणें लिहिलेलीं असलीं, तर मुलगाही वरण-भात-पिठलें करूं शकतो. आणि आईच्या मागें घराची चव राहावी ही इच्छा केवळ मुलीनेंच धरावी, असा नियम नाहीं.

पुण्याची ती मुलगी परत घरीं गेली. तिनें पुन्हा वाल भिजवले. डाळिंबी बोटानें दबल्यावर आमसूल टाकलें, मग गूळ, मग ओलें खोबरें. पुढल्या भेटींत तिनें काकूंकडे एक झांकलेली वाटी नेली. वाटी काकूंचीच होती. गेल्या खेपेला घरच्यांसाठीं डाळिंब्या घालून त्यांनीं ती बरोबर दिली होती. काकूंनीं झांकण उघडलें, एक डाळिंबी बोटानें दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “आतां बरोबर झाली. तुझ्या लेकाला शिकव.”