चाचणी वाचता आली पाहिजे



बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराजांची भूमी होय. परंपरेनुसार शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, त्यांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ रचला आणि तत्त्वज्ञान लोकभाषेत आणले. ज्ञान ज्याच्या उपयोगाचे, त्याला ते वाचता आले पाहिजे, ही कसोटी संगणकाच्या आज्ञावलीलाही लागू पडते.

गावचा सातबारा आता संगणकावर आहे. २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकीकृत नोंदी ग्रामस्थांपुढे वाचून चुका शोधण्यात आल्या. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. चावडीवाचनाने नोंद तपासली जाते. परंतु नोंद तयार करणारी आज्ञावली कोणी तपासावी? त्यासाठी प्रोग्रामर दुसरी छोटी आज्ञावली लिहितात. तिला चाचणी म्हणतात. अमुक माहिती दिली आणि अमुक क्रिया केली, तर अमुक उत्तर आलेच पाहिजे, एवढेच ती सांगते.

एक उदाहरण घेऊ. केज तालुक्यातील १ हेक्टर जमीन तीन भावंडांत समान वाटावयाची आहे, असे समजू. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. भागाकार करून अपूर्णांक सोडून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,३३३ चौरस मीटर येतात. तिन्ही हिश्शांची बेरीज ९,९९९ होते. एक चौरस मीटर जमीन शिवारात आहे तेथेच आहे. कागदावरून मात्र नाहीशी झाली. मूळ क्षेत्र आणि खातेदारांचे क्षेत्र जुळत नसले, की शेतकऱ्याला कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात.

ही चूक पकडणारी चाचणी दोन प्रकारे लिहिता येते. एकीचे नाव ‘चाचणी ७’. तिच्यात तुटक अक्षरांची नावे असतात, आकडे दुसऱ्याच फायलीतून येतात आणि एकाच वेळी दहा गोष्टी तपासल्या जातात. दुसरीचे नाव ‘वाटपानंतर हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राइतकीच राहते’. तिच्यात तीनच भाग दिसतात: जमीन १०,००० चौरस मीटर, हिस्सेदार तीन, वाटप केले, बेरीज १०,००० आली पाहिजे. खातेदाराचा पत्ता, पिकाची नोंद अशा येथे अप्रस्तुत गोष्टी तिच्यात नाहीत. खातेदार, हिस्सा, पोटखराब हे तलाठ्याच्या व्यवहारातील शब्द जसेच्या तसे वापरलेले असतात.

अपेक्षित उत्तर हाताने मांडून लिहावे, हेही महत्त्वाचे आहे. आज्ञावलीचेच सूत्र चाचणीत पुन्हा वापरले, तर विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासल्यासारखे होते. सूत्र चुकीचे असले, तरी दोन्ही उत्तरे जुळतात.

या वाचनीयतेची खरी परीक्षा काही वर्षांनी होते. नियम बदलतो, मूळ प्रोग्रामर दुसरीकडे गेलेला असतो. नवा माणूस आज्ञावलीत फेरबदल करतो आणि ‘चाचणी ७’ नापास होते. १०,००० हा आकडा कशासाठी आहे, हे त्याला उमगत नाही. तो तेथे ९,९९९ लिहितो. चाचणी उत्तीर्ण होते. नुकसान मात्र कायम राहते. दुसऱ्या चाचणीचे नाव वाचल्यावर असे धाडस सहसा कोणी करणार नाही.

गर्किन नावाच्या चाचणीलेखन पद्धतीत ‘जेव्हा’, ‘आणि’, ‘पण’ असे मराठी शब्दही चालतात. म्हणजेच संगणकशास्त्र न शिकलेला तलाठी, शिक्षक वा ग्रामपंचायत सदस्य चाचणी वाचू शकतो आणि विचारू शकतो, “उरलेला एक चौरस मीटर कोणाच्या नावे लावणार?”

हा प्रश्न यंत्राने परस्पर सोडवावयाचा नाही. हिस्सेदारांच्या संमतीने आणि नियमाने त्याचे उत्तर ठरावे, आणि ठरलेले उत्तर चाचणीत स्पष्ट शब्दांत लिहिले जावे. चावडीवर वाचून दाखविता येईल आणि ऐकणाऱ्याला चूक दाखविता येईल, अशी चाचणीच शेतकऱ्याच्या जमिनीची खरी राखण करते.