कोयता आणि बाळंतपण



ग्रामीण स्त्रीच्या बाळंतपणाची चर्चा निघाली की सुशिक्षित समाज अडाणीपणा आणि रूढी या दोन शब्दांशी येऊन थांबतो. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण पाहिले म्हणजे हे निदान किती अपुरे आहे ते कळते.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादम त्या जोडीला उचल देतो. जोडीविना पुरी उचल नाही, म्हणून मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. तिला गावी एकटी ठेवण्याची धास्तीही असतेच. अंगात बळ येण्याआधीच पहिले बाळंतपण येते.

रूढीत सारे वाईटच होते असे नाही. बाळाला पहिला चीक न पाजणे ही घातक चाल सोडलीच पाहिजे. परंतु पहिलटकरणीला माहेर, सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, डिंकाचे लाडू हेही रूढीनेच दिले होते. आज माहेराला कुलूप असते, कारण आईही दुसऱ्या फडावर मोळ्या बांधत असते. उरते ती कोपी. दिवस भरलेली बाई डोक्यावर मोळी वाहते आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत फडात उतरते. खाडा पडला तर दंड होतो, उचल फिटत नाही. गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, पण ती तेथे नसते; जेथे ती असते, तेथल्या वहीत तिचे नाव नसते.

प्रसूती लाभ कायदा १९६१ साली झाला. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. फडावर मात्र मालक कोण, येथूनच वाद सुरू होतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या कागदाकडे. मजुरी जोडीची, हिशेब नवऱ्याच्या हाती. जिची स्वतंत्र मजूर म्हणून नोंदच नाही, तिने रजा मागायची कोणाकडे?

राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या २०१९ च्या पाहणीत बीडमधील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आणि प्रसूती यांना जी व्यवस्था केवळ खाडा मानते, तिच्या हिशेबात गर्भाशयही अडचणच ठरते.

म्हणून केवळ प्रबोधनाने भागणार नाही. प्रत्येक स्त्रीची तिच्या स्वतःच्या नावाने मजूर म्हणून नोंद, कारखान्यावर मालकाची जबाबदारी, बाळंतपणाच्या काळात मजुरी आणि उचलीच्या वसुलीला स्थगिती, फडावर आरोग्यसेविकेची फेरी, या मागण्या संघटनेने लावून धराव्यात. साखरेच्या पोत्यामागे बाळंतिणीचा सव्वा महिना गहाण पडला आहे. तो सोडवणे हे दयेचे नव्हे, न्यायाचे काम होय.