चित्रतपस्वी भालजी
(साखरखेर्डा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१७२४ साली याच साखरखेर्ड्याच्या रणभूमीवर निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला. बाजीरावांच्या मराठी फौजा तेव्हा निजामाच्या बाजूने होत्या, हे गावातही किती जणांना ठाऊक असेल? जिजाऊंचे सिंदखेड राजा तर आपलेच तालुक्याचे गाव. परंतु इतिहास ग्रंथांतून सर्वांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या पिढीतील अनेकांनी शिवराय वाचण्याआधी पाहिले ते भालजी पेंढारकरांच्या पडद्यावर.

भालजी मूळचे कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वातावरणात ते घडले. मूकपटाच्या काळातच ‘वंदे मातरम् आश्रम’ काढून त्यांनी इंग्रज सरकारची नाराजी ओढवून घेतली. १९३२ चा ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवडे चालला. पुढे ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’ आले. पौराणिक चित्रपटांची यादी मी वाचत बसत नाही.

मला थांबायचे आहे ते १९४८ पाशी. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटविण्यात आला आणि ‘मीठभाकर’ हा चित्रपट आगीत भस्मसात झाला. आयुष्यभराची कमाई अशी डोळ्यांदेखत गेल्यावर माणूस गाव सोडतो, निदान मन तरी कडवट करून घेतो. भालजी कोल्हापुरातच राहिले. ‘मीठभाकर’ त्यांनी पुन्हा चित्रित केला. १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ आला; चंद्रकांत मांडरे त्यात महाराज झाले. ज्या गावाने आग पाहिली, त्याच गावातील कलावंत, सुतार, रंगारी हाताशी घेऊन हे उभे राहिले.

त्यांच्या संवादांत नाटकी भारदस्तपणा अधिक आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. आजच्या मुलांना तो खटकेल. म्हणूनच माझी तक्रार अशी की, आपण त्यांच्या ढाल-तलवारीचा गौरव करतो आणि ‘साधी माणसं’ विसरतो. १९६५ चा हा चित्रपट. खेड्यातले लोहार जोडपे शहरात येऊन फसते, एवढीच कथा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचा अभिनय, ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत. त्यात एकही किल्ला नाही. पण घामाची भाकर खाणाऱ्याची जी अब्रू भालजी मावळ्यांत पाहत, तीच या लोहारात आहे. ‘मीठभाकर’ पुन्हा चित्रित करणारा माणूस इथे मला अधिक स्पष्ट दिसतो.

१९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १९९४ साली ते गेले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले होते, ‘साधा माणूस’.