पाठीवरचं शीड

डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने दांडी धरून ऐकताय त्यांना खास नमस्कार. आज बोलायचंय अंगात घालायच्या शिडाबद्दल. पायात स्केट्स, पाठीवर शीड, ढकलायचं काम वाऱ्याचं.

खरं तर पहिली आयडिया वेगळीच होती. पाठीला छोटा पंखा लावायचा, वाऱ्याने तो फिरणार, फोन चार्ज होणार. धाकटी बहीण स्केटिंग करते, त्यामुळे चाचणीला तीच. गणित मांडलं आणि माझीच हवा गेली. 30 सेंटीमीटरचा पंखा, सेकंदाला 5 मीटर वारा, तर त्या वाऱ्यात शक्तीच असते पाचेक वॅट. त्यातली 59 टक्क्यांहून जास्त कुठलाच पंखा काढू शकत नाही, हे बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय. असल्या छोट्या पंख्यातून हाती येणार जेमतेम एक वॅट. आणि वारा पडला तर पंखा कोण फिरवणार? तिचेच पाय!

मग शीड. आपल्या भागाला ते काही नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात इथलीच, कल्याणच्या खाडीतली. तिकडे स्वीडनमध्ये गोठलेल्या तळ्यांवर लोक हातात शीड धरून स्केटिंग करतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा ठाणं ओलांडून आमच्यापर्यंत येतो.

छत्रीचं कापड, तंबूच्या फायबरच्या काड्या, जुन्या दप्तराचे पट्टे. खालच्या टेलरकाकांनी "हे घालून उडणारेस काय रे?" विचारत शिवून दिलं. दीड चौरस मीटर. 5 मीटरच्या वाऱ्यात पाठीवर साधारण पावणेतीन किलोचा रेटा. सपाट सिमेंटवर चाकं चालू ठेवायला याच्या निम्मा जोरही पुरतो. बहीण मस्त निघाली.

आणि इथेच मी माती खाल्ली. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलंही होतं. दोन इमारतींच्या फटीतून झोत आला, एकदम अकरा किलोचा धक्का. तिला शीड मिटता येईना, कारण बकल मी पाठीवर लावलं होतं. तिथे छान दिसतं म्हणून. मनगट मोडलं. तीन आठवड्यांवर तिची स्पर्धा होती.

ती मला काहीच बोलली नाही. आई जे बोलली ते इथे सांगता येणार नाही.

आता शीड एक चौरस मीटर. छातीवर लाल दोरी, ओढली की वरच्या काड्या सुटतात आणि कापड छत्रीसारखं मिटतं. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड, मोकळं मैदान. आणि चाचणीला मी. त्यासाठी चोविसाव्या वर्षी स्केटिंग शिकतोय, पोरं हसतात. बहीण कठड्यावर बसून मधेच केव्हाही ओरडते, "दोरी!" दोन सेकंदांत शीड मिटायला हवं असं तिचं म्हणणं आहे. काल मला चार लागले. तिने अजून वाऱ्यात सोडलेलं नाही.