घर कच्चे, म्हणून माणूस कच्चा?



घर ‘कच्चे’ की ‘पक्के’ ते बघून माणसाची पत ठरवण्याची आपल्याला सवय असते. इतिहासातही तसेच झाले. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील वॉरम पर्सी या ओसाड मध्ययुगीन खेड्यात १९५० ते १९९० उत्खनन झाले. कुळांच्या घरांच्या भिंती वारंवार बांधलेल्या दिसल्या, म्हणून ती पिढीगणिक पडणारी खोपटी ठरली. १९८९ मध्ये स्टुअर्ट रॅथमेल यांनी मांडले, की छपराचा भार भिंतींवर नव्हताच; तो भक्कम लाकडी सांगाड्यावर होता. भिंतींची फक्त डागडुजी होई.

बडोद्यातील आपण वाड्यांचा इतिहास सांगतो. वाड्यामागच्या मातीच्या घरांचा कोण सांगणार? तिथले वृद्ध आहेत तोवर विचारून लिहून ठेवूया.